कालवांचे डोहाळे

स्वरांगीला सातवा लागला नि डोहाळे काय, तर कालवांची आमटी! एवढंच ना? खाडीकाठी जन्म गेला माझा. लेकीच्या बाळंतपणासाठी रत्नागिरीहून आयर्लंडात गॉलवेला आले खरी, पण ओहोटी मला कुणी शिकवायला नको.

लेक-जावई कामावर गेल्यावर बादली घेऊन निघाले. इथल्या खाडीच्या काठावर इंग्रजीत पाटी होती. म्हटलं, कुत्र्यांबद्दल असेल, इथे त्यांच्याच पाट्या फार. सलवार दुमडली नि चिखलात उतरून बादलीभर कालवं गोळा केली. शिंपल्याच्या धारेने अंगठा कापला, कापू दे. डोहाळे अडवू नयेत.

घरी फोडायला बसणार, तोच स्वरांगी आली. बादली बघून आधी हसली, मग चेहरा पडला.

"आई, कुठून आणलीस?"

"खाडीतून. दुसरं कुठून?"

तिने बादली बाजूला सरकवली. "अगं, पावसात गटारं भरून वाहिली, सगळी घाण खाडीत उतरलीये. इथली कालवं खायची नाहीत सध्या. ती पाटी मीच लावलीये."

पाणी तपासणं हेच तिचं काम. मला ठाऊक होतं, तरी पाटी वाचली नाही मेलीने! पोटातल्या जिवाला काय खाऊ घालणार होते मी?

"जाऊ दे गं," तीच मला समजावायला लागली. "बाळ झालं की घरी येऊ. आपल्या खाडीतली खाईन पोटभर."

तीन वर्षं फोनवर विचारायची, "कालवं आणलीस का?" आणि मी आपली, "आणली की!"

"आपल्याकडेही नाहीत गं बाय," मी म्हटलं. "वरच्या अंगाला कारखाना आला तेव्हापासून रॉकेलचा वास येतो त्यांना. तू इथे एकटी, म्हणून नाही सांगितलं."

"मी हेच काम करते, आणि मलाच नाही सांगितलंस?"

"हो, आता आईलाच बोल!" असं म्हणताना मलाच रडू फुटलं. मग दोघी रडलो.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली नि ओहोटीला दोघी खाडीवर गेलो. तिला वाकता येईना. ती जागा दाखवत होती, मी एकेक कालव परत ठेवत होते.

"घाण थांबली, की स्वच्छ पाण्यात ही हळूहळू साफ होतात," ती म्हणाली.

"आपली होतील?"

तिने पोटावर हात ठेवला. "आधी पाणी तपासावं लागेल. बाळाला घेऊन येते, नमुन्याच्या बाटल्याही आणते."

"ये," मी म्हटलं. "पण तिथली पाटी मराठीत लाव."