मागच्या एक्सलची कुरकुर

मित्रांनो, मी एक जुनी जीपगाडी आहे. अकोल्याच्या एका भंगाराच्या आवारात विटांवर उभी आहे. चाके कधीच गेली. दिव्यांच्या खोबणीत चिमण्यांनी काड्या भरल्या आहेत. येणारेजाणारे मला लोखंडाच्या भावाने पाहतात. पण एके काळी मीही माणसांच्या जिवाभावाची होते.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा, लढाईच्या धामधुमीतला. माझ्या बांधणीत एक खुबी होती. चिखल आला की एक दांडी ओढायची, मग माझी चारही चाके जोर लावत. आसामच्या चिखलात मी जखमी शिपाई वाहून नेले. लढाई संपली आणि माझी गरजही संपली. पुष्कळ दिवस उन्हापावसात पडून राहिल्यावर मला लिलावात दोघा मित्रांनी विकत घेतले. एक सूर्यभान, दुसरा श्रावण.

दोघेही फौजेत मोटारींवर होते. सूर्यभान गाडी चालवी, श्रावण ती दुरुस्त करी. फौजेत दोघे एका ताटात जेवले होते. गावी परतल्यावर मात्र सूर्यभानच्या घरचे लोक श्रावणला ओसरीच्या आत येऊ देत नसत. सूर्यभानला ते बोचे, पण घरच्यांपुढे तो काही बोलला नाही. मग दोघांची बैठक माझ्या बॉनेटवर भरू लागली. तिथेच चहा, तिथेच बिडी. श्रावण नागपूरला दीक्षा घेऊन परतला, तेव्हा परतवाड्याच्या मोटार स्टँडवरून त्याला, केशरबाईला आणि लहानग्या मैनेला सूर्यभानने माझ्यातूनच घरी आणले होते. तिघांचीही पांढरी स्वच्छ कापडे पाहून मला माझ्या धुळीची लाज वाटली होती.

आमचे गाव परतवाड्यापासून आत, काळ्या मातीत. पावसाळ्यात तिथे मोटार येत नसे. बैलही गुडघाभर रुतत. तेव्हा मीच गावाला परतवाड्याशी जोडून ठेवी. बाजाराची माणसे, बाळंतिणी, मास्तर, बियाण्याची पोती, सगळे माझ्यात बसत. लोक माझी फार स्तुती करत. स्तुती ऐकता ऐकता माझ्या मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलमधून कुरकुर येऊ लागली, ती मात्र कोणी ऐकेना.

म्हणजे श्रावणने ऐकली होती. त्याने एक्सलला कान लावून चाक हळूहळू फिरवून पाहिले आणि म्हणाला, "सूर्यभान, मागची चाकं फिरवणारे दोन्ही दांडे काढून पायले पाहिजेत. चीर गेली असंन त्याले."

"पायजो ना बा," सूर्यभान म्हणाला. "पेरणीचे दिवस हायेत. आज गाडी उभी केली तर लोकं जातीन कशे?"

पुढच्या बाजारी तेच बोलणे झाले. त्याच्या पुढच्या बाजारीही तेच.

अशात श्रावणच्या घरी आनंदाची बातमी आली. मैना सातवी पास झाली होती, आणि नर्सच्या शिक्षणासाठी तिला अमरावतीला तोंडी परीक्षेला बोलावले होते. त्यांच्या घरात एवढे शिकलेले आजवर कोणी नव्हते. केशरबाईने तिच्यासाठी शेजारणीकडून चांगले लुगडे मागून आणले. सकाळी सूर्यभानने मैनेला परतवाड्याला सोडायचे, तिथून तिने मोटारीने अमरावती गाठायची, असे ठरले. मैना बाहेर पडली तेव्हा श्रावण सूर्यभानला एवढेच म्हणाला, "आज कोणाले घेजो नोको. पोरीले सोड अन् गाडी सरळ माह्याकडे आण. आज मी दांडे काढतोच."

"तू काहून फिकर करतं?" सूर्यभान हसून म्हणाला.

पण वेशीपाशी पंजाबराव उभे होते. गावातले बडे शेतकरी, सूर्यभानच्या भाऊबंदांतले वडीलधारे. त्यांच्यासोबत सरकीची पोती होती आणि दोन गडी होते.

"भाऊ, आज गाडी रिकामी न्यायची हाये," सूर्यभान चाचरत म्हणाला.

"रिकामी कुठं हाये? थे पोरगी बसली ना," पंजाबराव म्हणाले. "सरकव तिले मांगं."

सूर्यभानच्या ओठांवर नाही आले होते. पण तो नाही म्हणाला नाही. पोती चढली, गडी चढले, पंजाबराव पुढे बसले, आणि मैना मागे पोत्यांमध्ये अंग चोरून बसली. मित्रांनो, तेवढे ओझे मी पूर्वी कितीदा वाहिले होते. पण त्या दिवशी नाल्याच्या चढावर चाके चिखलात अडकली, सूर्यभानने जोर दिला, आणि माझ्या पोटातून कडाड असा आवाज झाला. मागचा डावा दांडा तुटला.

पंजाबराव खाली उतरले. मागून ओळखीची बैलगाडी येत होती. त्यांनी तिच्यावर पोती चढवली आणि स्वतः बसून निघूनही गेले. मैनेकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. पक्की सडक लांब होती, चिखल तुडवत मोटारीच्या वेळेला पोचणे शक्य नव्हते. सूर्यभान नाल्याच्या काठावर डोक्याला हात लावून बसला.

मैना माझ्या मागच्या चाकापाशी वाकली.

"काका, दोन्ही दांडे काढून टाकू. पुढच्या चाकांवर गाडी चालंन. बाबानं एकदा तशीच आणली होती."

सूर्यभानने मान वर केली. त्यालाही ते आठवले.

माझी दुसरी खुबी इथे कामी आली. माझा भार दांड्यांवर नसतो, तो बाहेरच्या नळीवर असतो. म्हणून चाक न काढता, गाडी न उचलता दांडा ओढून काढता येतो. सूर्यभानने चाकाच्या मधोमधचे बोल्ट पान्याने सोडवले. पण दांड्याच्या बाहेरच्या टोकाची टोपी गंजाने धरून बसली होती. तो हातोडा जोराने हाणू लागला, तशी मैना म्हणाली, "हळू, काका. सगळ्या बाजूनं थोडं थोडं ठोका, नाहीतर वाकंन." त्याने लाकडाचा ठोकळा धरून चहूकडून ठोकले. फट पडली. दोघांनी मिळून ओढले, तेव्हा अर्धाच दांडा हाती आला. उरलेला तुकडा आत, मधल्या दातेरी चक्रांमध्ये अडकून राहिला होता.

तो तुकडा तसाच ठेवून निघाले असते, तर त्याने माझे सगळे दाते खाऊन टाकले असते. मैनेने हत्यारांच्या पेटीतली तार घेतली, तिचा फास केला आणि नळीत हात घालून चाचपत राहिली. फास बसे आणि निसटे. पुन्हा बसे, पुन्हा निसटे. ऊन वर चढले. मागून आणलेल्या लुगड्याच्या पदराला काळे तेल लागले. तिने पदर खोचला आणि पुन्हा हात घातला. शेवटी तुकडा निघाला तेव्हा ती केवढी हसली! त्या दिवशीचे तिचे ते शेवटचे हसणे. उजव्या बाजूचा दांडा धड होता, तोही त्यांनी काढला, मधले दाते उगाच गरगरून झिजू नयेत म्हणून. सूर्यभानने डोक्याचा पटका फाडून नळीच्या दोन्ही उघड्या तोंडांत बोळे कोंबले. मग पुढच्या चाकांची दांडी ओढली.

मी निघाले. मागची चाके नुसती ओढली जात होती. सगळा जोर पुढच्या दोन चाकांवर होता. परतवाड्याची मोटार तर केव्हाच गेली होती. सूर्यभानने मला तिथे थांबवलेच नाही, सरळ अमरावतीच्या रस्त्याला लावले. जीव खाऊन धावले मी.

अमरावतीला पोचलो तेव्हा त्या इमारतीच्या आवारात झाडलोट सुरू होती. मैना धावत पायऱ्या चढली. मी खाली फाटकाशी उभी होते. थोड्या वेळाने एक चष्मेवाल्या बाई तिच्यासोबत बाहेर आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "मुली, सगळ्या निवडी झाल्या गं. आता पुढच्या वर्षी ये," असे म्हणून त्यांनी तिचे काळे हात पाहिले आणि तिला नळ दाखवला. मैना बराच वेळ हात धूत राहिली.

पुढचे वर्ष आले, पण मैनेसाठी आले नाही. हिवाळ्यात केशरबाई अंथरुणाला खिळली. आपल्या डोळ्यांदेखत मुलीचे लग्न व्हावे, असा तिने ध्यास घेतला, आणि मैना लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत गेली.

श्रावणने माझ्यात दोन्ही नवे दांडे बसवले. सूर्यभानला तो एक वावगा शब्द बोलला नाही. पण बॉनेटवरची बैठक मोडली. समोरासमोर आले की दोघे माझ्याविषयी बोलत, तेल किती, ग्रीस कुठे, आणि निघून जात. सूर्यभानचा जीव गाडीतून उडाला. मी श्रावणच्या घरासमोरच्या पत्र्याच्या छपराखाली उभी राहू लागले आणि गंजू लागले.

काही वर्षांनी श्रावण छातीच्या दुखण्याने थकला. तेव्हा एका दुपारी सूर्यभान हातात टोपी घेऊन त्याच्या दारी गेला. मी छपराखालून पाहत होते. श्रावण बाहेर बाजेवर पडला होता.

"श्रावण, त्या दिवशी मी पंजाबरावले नाही म्हणायले पाहिजे होतं," सूर्यभान म्हणाला. "तुह्या पोरीचं आयुष्य माह्या हातानं गेलं."

श्रावण उठून बसला. "मले आवाज माहीत होता ना, सूर्यभान. माहीत असून मीच पोरीले त्याच गाडीत बसवलं. मले वाटलं, एवढी एक खेप निघून जाईन. इतकी वर्षं मी तुह्याकडं पाऊ शकलो नाही, थे याच्यासाठी. अन् तुले वाटलं, मी रागावलो."

दोघेही रडले. एवढी वर्षे ज्याने त्याने दोष आपल्याकडे घेतला होता आणि तो दुसऱ्याला सांगितला मात्र नव्हता. त्यानंतर श्रावण फार दिवस राहिला नाही.

त्याच्या मागे सूर्यभानने मला अकोल्यात आणून विकले. जाण्यापूर्वी तो जठारपेठेत जाऊन मैनेला भेटला आणि तिला इथे घेऊन आला. तिच्या कडेवर मूल होते. ती माझ्या मागच्या चाकापाशी उभी राहिली.

"काका, इथले दांडे आपण काढले होते, असं मी सांगते तर घरचे हसतेत," ती म्हणाली. "कोणाले खरंच वाटत नाही." मग मूल सावरत म्हणाली, "मी चांगली नर्स झाली असती, नाही?"

"व्हय बाई," सूर्यभान म्हणाला.

मित्रांनो, माझी चाके, माझे दिवे, माझा रंग गेला, त्याचे मला फारसे दुःख नाही. लोखंड झिजायचेच. पण कुरकुर ऐकू आली की थांबा. यंत्र उघडून पाहा, तेल द्या, आणि ज्याला नाही म्हणायचे त्याला तोंडावर नाही म्हणा. यंत्रात नवा दांडा बसतो. मैनेची ती सकाळ मात्र श्रावणसारख्या कारागिरालाही परत बसवता आली नाही.