हिमरूची सुलट बाजू

मित्रांनो, मी एक जुनी हिमरू शाल आहे. आता मला पाहून कुणी हे ओळखणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझा जन्म नवाबपुऱ्यातल्या एका मागावर झाला. माझा ताणा सुती आणि फुले रेशमाची. फुलाचा रेशमी धागा पुढच्या बाजूला दिसतो, मग मागे जातो आणि पुढचे फूल येईपर्यंत तिथे मोकळाच लोंबतो. त्यामुळे माझ्या सुलट बाजूवर डाळिंबी रंगात सोनेरी पानाफुलांची दाटी होती आणि उलट बाजूला नुसते सुटे धागे. मागे धागा तुटला की पुढचे फूल गेले.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षे झाली होती. देवगाव रंगारीचे मोठे जमीनदार आप्पासाहेब शहरात गुलमंडीजवळ बिऱ्हाड करून राहत होते. त्यांनी पत्नी आवडाबाईंसाठी मला विकत घेतले. आवडाबाईंनी आधी पदराला हात पुसले आणि मगच मला उचलले.

पण निजामाचे राज्य नुकतेच गेले होते. जो तो खादी घालत होता आणि हिमरू म्हणजे नवाबी थाट समजला जाई. आवडाबाईंनी मला पांघरले त्या पहिल्याच सकाळी आप्पासाहेबांचे कारभारी नावाचे चुलतभाऊ दारातूनच ओरडले, "काय वहिनी, आमचे आप्पा नवाब झाले म्हणायचं! आता वाकून सलाम करावा लागंल का आमाला?"

सगळे हसले. आप्पासाहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. कारभारी गेल्यावर ते म्हणाले, "ती शाल उलटी पांघरत जा."

"उलटी? मग एवढी भारी घेतली कशाला?"

"जाणत्याला धागा बघून कळतंच की. बाकीच्यांच्या डोळ्यात कशाला खुपायची? लोकांनी म्हणलं पाहिजे, एवढं असून माणूस किती साधा."

आवडाबाईंनी मला उलटे करून खांद्यावर घेतले. मग म्हणाल्या, "पोरीच्या लग्नात तरी सुलट पांघरू द्या. एकच दिवस."

"व्हय. त्या दिवशी पांघर."

त्या एका दिवसावर आवडाबाईंनी कित्येक हिवाळे काढले. मी उलटीच वावरले. माझे मोकळे धागे कधी बांगडीत अडकत, कधी दाराच्या कडीत, कधी गावाकडच्या वाटेवर बाभळीच्या काट्यात. प्रत्येक ओढीबरोबर आत एखादी पाकळी गळे. आवडाबाईंना ते दिसले नाही. सुलट बाजू बघितली की पांघरायचा मोह होतो, असे म्हणत त्या माझी घडी न बघताच घालत. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण शालीला कुठला आवाज?

शेवटी एका माघात त्यांच्या मुलीचे, मंजुळाचे, लग्न ठरले. वऱ्हाड सोयगावहून आले. विहिणींच्या भेटीच्या वेळी आवडाबाईंनी घाईघाईने मला उलगडले आणि प्रथमच सुलट पांघरून त्या मांडवात उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे किती ताठ झाले होते!

वरमाई सारजाबाई जवळ आल्या. त्यांनी मला निरखले आणि मायेने म्हणाल्या, "विहीणबाई, गडबडीत शाल उलटी आली बघा तुमची. थांबा, मी नीट करते."

त्यांनी सगळ्यांसमोर मला काढले आणि सुट्या धाग्यांची बाजू वर करून पुन्हा पांघरले. तेवढ्यात आवडाबाईंना माझी सुलट बाजू दिसली. फुलांच्या जागी विरलेले ठिपके होते; मागच्या उरल्यासुरल्या रेशमापेक्षाही ती फिकी दिसत होती. त्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिले.

आप्पासाहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते. "आधीचीच बाजू सुलट होती, ही हिमरू आहे," एवढे एक वाक्य पुरे होते. पण ते बोलले असते तर बढाई दिसली असती.

"लग्नाची घाई हो," ते हसून म्हणाले.

आवडाबाईंनी मान खाली घातली. "व्हय, घाईच झाली," एवढेच त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी मला कधीच अंगाला लावले नाही.

आज आवडाबाई नाहीत. मी धान्याच्या पत्र्याच्या डब्यावर पसरलेली असते. मित्रांनो, मला रफू करू नका. मागचा धागाच उरला नाही, तर सुई काय जोडणार? पण तुमच्या घरात कुणी एखादी सुंदर वस्तू पुढच्या दिवसासाठी जपून ठेवली असेल, तर जा, ती उलगडून बघा. आणि कुणी तिला नावे ठेवली, तर ती जपणाऱ्या माणसाच्या बाजूने मोठ्याने बोला. आवडाबाईंसाठी त्या दिवशी कुणीच बोलले नाही.