कड्याखालचं पाणी

मित्रांनो, शाळेच्या या कपाटात वरच्या फळीवर पितळेची जाड नळी आडवी पडलेली दिसते ना, ती मी. समुद्राचं पाणी मोजणारा जुना तापमापक. कुणाला मी पाइपाचा तुकडा वाटतो, कुणाला पंपाचा दांडा. वाटू दे बापड्यांना. मला बोलायचंय ते माझ्या मानापानाबद्दल नाही.

खोल पाण्यात जायचं, तिथला आकडा धरून ठेवायचा आणि वर येऊन दाखवायचा, एवढ्यासाठीच मला घडवलं होतं. मी आलो मोजणीबाईंच्या हाती. आपल्या खाडीच्या टोकाला हिमनदी समुद्रात उतरते, तिथला बर्फाचा कडा किती टिकेल हे शोधणं त्यांचं काम. होडी त्यांच्या थोरल्या भावाची. दादा मोठा गमत्या. मला पाण्यात सोडताना म्हणायचा, "जा बाबा, समुद्राला ताप आलाय का बघून ये." बाई हसायच्या. मलाही ते बोलणं फार आवडायचं.

पण माझी तार आखूड होती. बाईंच्या कचेरीने दिली तेवढीच. कड्याजवळ मी वरच्या पाण्यातच लोंबकळत राही. तिथलं पाणी थंडगार, कारण ते बर्फाचंच वितळलेलं. गोडं, म्हणून हलकं, म्हणून वर. बाईंनी आकडा वाचला आणि दादाला सांगितलं, पाणी गार आहे, कडा भक्कम आहे. दादाने ते मनात पक्कं धरलं.

कड्याला लागून एका जागी गढूळ पाणी खालून उसळत असे. पक्षी तिथे घिरट्या घालत, मासळी तिथेच गोळा होई. त्यामुळे साऱ्या होड्या पिढ्यान्पिढ्या त्याच पाण्यावर जात. गढूळ पाणी दिसलं की जाळं टाकायचं, ही इथली रीत तुम्हाला मी काय सांगावी?

पुष्कळ विनवण्यांनंतर लांब तार आली. त्या गढूळ पाण्यात मी पहिल्यांदा तळापर्यंत गेलो. खाली मिट्ट काळोख, आणि जड, खारं पाणी वरच्यापेक्षा चांगलंच उबदार. मी वर आलो तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. तिथेच होडीत बसून त्यांनी दादाला समजावलं. उन्हाळ्यात हिमनदीच्या पाठीवर वितळलेलं पाणी भेगांतून खाली जातं, बर्फाखालून गाळ घेऊन नदीसारखं वाहतं आणि समुद्राच्या तळाशी बाहेर पडतं. हलकं असल्यामुळे ते कड्याला घासत वर चढतं आणि तळाचं उबदार पाणी ओढून बर्फाला लावतं. म्हणजे जिथे गढूळ पाणी उसळतं, तिथेच कडा खालून पोखरला जातोय.

"दादा, आता तिकडे जाऊ नकोस," बाई म्हणाल्या.

"तूच म्हणाली होतीस ना, पाणी गार आहे म्हणून?"

"ते वरचं होतं रे."

"मग माझी होडी वरच असते की," दादा हसला आणि त्याने वल्हं उचललं.

त्याच आठवड्यात हवा तापली. गढूळ पाणी पूर्वी कधी नव्हतं इतकं उसळलं, आणि मासळीही तशीच आली. दादा एकटाच गेला. खालचा आधार सुटलेला कडा एकदम कोसळला. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. दादा सापडलाच नाही. मला अजून त्याची आठवण येते.

बाई वहिनींकडे गेल्या तेव्हा मी त्यांच्या पिशवीत होतो. वहिनींनी रडून घेतलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "वन्सं, तुमचं ऐकत नव्हते असं नाही हो. तुम्ही पहिल्यांदा सांगितलेलं ऐकलं त्यांनी."

पुढे बाई घरोघर फिरल्या. लोकांनी माना डोलावल्या, चहा दिला आणि मग सगळे पुन्हा गढूळ पाण्यावर गेले. मासळी तिथे आहे, ते तरी काय करणार? बाईंना विजेवर चालणारं नवं यंत्र मिळालं, आणि वहिनींनी मला त्यांच्याकडून मागून घेऊन इथे शाळेत आणून ठेवलं. माझ्यावर धूळ साचलीय. ती तुम्ही पुसली नाहीत तरी चालेल.

माझं मागणं दुसरंच आहे. मित्रांनो, मोठी माणसं बाईंचं ऐकत नाहीत, पण तुमचं ऐकतील. उद्या बाबा होडी काढायला निघतील तेव्हा त्यांचा हात धरा आणि कुठे जाताय ते विचारा. गढूळ पाण्यावर म्हणाले, तर हात सोडू नका.