लाल वर्तुळातली चार छिद्रे

गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. तपासण्या तेवीस, दोष शून्य.

एवढे वहीत लिहून मृत्युंजयआप्पांनी पेनाला टोपण लावले. चौतीस वर्षे त्यांनी परळीच्या वीज केंद्रात दाब, ताप आणि वेग मोजणारी उपकरणे सांभाळली होती. दोष शून्य निघाला की समाधानाने चहा मागवायचा, ही त्यांची जुनी रीत. आज मात्र शून्य लिहूनही त्यांनी चहा मागवला नाही.

धारूरच्या घाटमाथ्यावर, डोंगर जिथे एकदम तुटतो त्या कडेला, ग्लायडर उडवायला शिकवणारे लहानसे केंद्र होते. निवृत्तीनंतर आप्पा तिथली उपकरणे बघत. पत्र्याची मोठी शेड, एक धावपट्टी, दोर बांधून ग्लायडर वर ओढून नेणारे एक छोटे विमान, आणि बिनइंजिनाची दोन ग्लायडर. सोमवारपासून एकच. दुसरे शेडमध्ये मोडून पडले होते. पुढचा चालककक्ष आप्पांच्या समोर होता आणि पाठीपासून तुटलेली शेपटी पलीकडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती.

ते ग्लायडर स्वप्नाली उडवत होती. वय बावीस, धारूरच्या पेठेत किराणा दुकान चालवणाऱ्या उमाबाईंची एकुलती एक मुलगी. उतरताना शेवटच्या वळणावर ग्लायडरचा एक पंख खाली गेला आणि ते गरगरत कापसाच्या रानात कोसळले. वेचणीच्या बायकांनी तिला ओढून काढले. जीव वाचला, पण कमरेखाली चिमटा काढलेला कळत नव्हता, आणि लातूरचे डॉक्टर पुढचे काही बोलत नव्हते.

शुद्धीवर आल्यापासून ती एकच सांगत होती: पडद्यावर वेग पंच्याऐंशी होता. त्या ग्लायडरला हवेत टिकायला ताशी पासष्ट किलोमीटर पुरत. उपग्रहावरून वाटचाल टिपणाऱ्या डबीने मात्र त्या क्षणी चौसष्ट नोंदवला होता, आणि वारा अगदी पडलेला होता. म्हणजे एक तर चालकापुढचा इलेक्ट्रॉनिक पडदा खोटे बोलला, नाही तर स्वप्नाली. पडद्याच्या तेवीस तपासण्या झाल्या होत्या. बॅटरी, फ्यूज, जोडण्या, दाब मोजणारा भाग, नाकावरची नळी, सगळे चोख. हातपंपाने दाब देऊन, पाण्याच्या नळीशी ताडून, आप्पांनी प्रत्येक आकडा तीनदा घेतला होता.

केंद्राचा व्यवस्थापक राधाकिशन दारातून डोकावला. "झालं का आप्पा? पाचला अहवाल पाठवायचाय."

"तेवीस झाल्या."

"तेवीसच्या तेवीस पास. आता चोविसावी कोनती करता? पोरीची पत्रिका मांडता का?"

"पत्रिकेत वेग कळत असता तर तीही मांडली असती."

राधाकिशन ओशाळला. स्टूल ओढून बसला. "मला बी गोड वाटतंय का? पन लिवावं तर लागंल. चालकाची चूक. दोन शब्द."

दोन शब्द. पाय गेले तर गेले. पण ते आपल्याच हलगर्जीने गेले, हे ओझे पोरीने जन्मभर चाकाच्या खुर्चीत बसून वाहायचे. आप्पांनी तिला तीन वर्षे उपकरणे शिकवली होती. आकडा चुकला तर ती स्वतःहून हात वर करी. अशी पोर मरणाच्या दारातून परत येऊन खोटा आकडा सांगेल, हे त्यांना पटत नव्हते. आणि पटत नाही ही काही तपासणी नव्हे, हेही त्यांना कळत होते.

"पाचपर्यंत थांब," ते म्हणाले.

अकराच्या सुमारास उमाबाई आल्या. स्वप्नालीच्या कपाटातली वही आणि मोबाइलचा चार्जर न्यायला त्या लातूरहून एसटीने आल्या होत्या. तीन रात्रींचे जागरण डोळ्यांत होते. मोडक्या चालककक्षाकडे पाठ करून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"ह्ये घे, आप्पा हायत. बोल."

"आप्पा," पलीकडचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. "काय निगालं का?"

"अजून नाही, पोरी."

"मंग मीच चुकले आसंल. कालपासनं मला बी तसंच वाटायलंय. पंच्याऐंशी खरंच बगितलं, का बगायचं होतं म्हनून दिसलं?"

"वाटलं ते सोड. दिसलं ते सांग. अगदी दोर लागल्यापासून, आकड्यांसकट."

आकडे म्हटल्यावर तिचा आवाज थोडा सरळ झाला. "वर जाताना नव्वद दाखवत होतं. पुढच्या इमानातनं शहादेवकाका म्हनले, एकशे दहा हाय. मी तुमाला रेडिओवर इचारलं."

"मी काय म्हणालो?"

"पडदा बंद कर, दहा मोज, चालू कर. सहाशे मीटरवर दोर सोडला, सरळ उडत तसं केलं. मंग बराबर आलं."

"बरोबर कशावरून?"

"वाऱ्याच्या आवाजावरनं. आकडा आन् आवाज जुळला."

"आणि उतरताना?"

"पंच्याऐंशी. पन आवाज न्हवता, आप्पा. वारा गप झालता. मला वाटलं, कानच चुकले. पडदा तर तुमी दुरुस्त केलता ना."

फोन उमाबाईंकडे देऊन त्यांनी वहीत एकाखाली एक तीन ओळी लिहिल्या. चढताना कमी. सपाट उडताना बरोबर. उतरताना जास्त.

विजेच्या दोषाला चढ-उतार कळत नाही. सैल तार असेल ती वरही सैल आणि खालीही सैल. उंची बदलली की बदलते ती हवा. आणि हवेचा दोष पडदा बंद-चालू करून जात नसतो. सपाट उडताना तो आपोआप लपतो, एवढेच. तंत्रनिकेतनच्या दुसऱ्या वर्षात शिकवतात ही गोष्ट. सोमवारी रेडिओवर 'नव्वद' ऐकले तेव्हाच ती डोक्यात यायला हवी होती. आली नाही, कारण समोर इलेक्ट्रॉनिक पडदा होता आणि पडदा म्हटले की बॅटरी, या सवयीने हात आधी तिकडेच गेला.

पडदा वेग ठरवतो तो दोन हवांच्या दाबातल्या फरकावरून. एक नाकावरच्या नळीतून जोराने आत येणारी, आणि दुसरी भोवतालची शांत हवा. ही शांत हवा शेपटीच्या दोन्ही अंगांना असलेल्या चार बारीक छिद्रांतून दुसऱ्या एका नळीने येते. तेविसावी तपासणी त्या नळीचीच होती. पण शेपटी तुटली होती, म्हणून आप्पांनी नळी फक्त मोडलेल्या जागेपर्यंत तपासली होती. पलीकडचे उरले होते.

कोपऱ्यात जाऊन त्यांनी ताडपत्री ओढली. छिद्रांना हात न लावता आधी नळीच्या तुटक्या टोकाला हातपंप जोडला आणि पाण्याची पातळी वर चढवली. छिद्रे मोकळी असती तर पाणी दाणकन खाली यायला हवे होते. ते रेंगाळत उतरले. आप्पांनी घड्याळ लावले. नऊ सेकंद.

छिद्रे पुरती बंद नव्हती. हवा चाळणीतून गाळावी तशी झिरपत होती आणि नऊ सेकंद मागे राहत होती. उतरताना नऊ सेकंद म्हणजे उंचीत जेमतेम अठरा मीटरचा फरक. तो डोळ्यांना जाणवतही नाही. पण छिद्रांमागे वरचीच विरळ हवा उरते, दोन हवांच्या दाबातला फरक वाढतो आणि चौसष्टचे पंच्याऐंशी दिसतात. त्यांनी हिशेब दोनदा मांडला. पोर खरे बोलत होती.

मग त्यांनी भिंग घेतले.

छिद्रांच्या प्रत्येक जोडीभोवती लाल वर्तुळ रंगवलेले असते. खाली इंग्रजीत सूचना असते, की ही जागा झाकू नये. त्या वर्तुळात पिवळा थर वाळून घट्ट बसला होता आणि त्यावर कुंकवाचा ठिपका होता.

शनिवारी दसरा होता. शेडमध्ये सगळी यंत्रे धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. वडीलधारे म्हणून पूजा आप्पांकडे होती; ताट उमाबाईंच्या हातात होते. लेकीच्या ग्लायडरला हळद-कुंकू लावत त्या शेपटीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, हितं लावू का? गोल तर काडूनच ठिवलंय." आप्पा डोळे मिटून मंत्र म्हणत होते. मंत्र न तोडता त्यांनी मानेनेच हो म्हटले. उमाबाईंनी पाण्यात कालवलेली हळद बोटाने दाबून लावली, वळसा घालून पलीकडे गेल्या आणि तिकडेही लावली. "एकाच अंगाला लावलं तर दुसरं रुसंल," असे त्या म्हणाल्या आणि स्वप्नाली हसली.

रविवारी उड्डाणे नव्हती. हळद दोन दिवस ऑक्टोबरच्या उन्हात वाळली. सोमवारी सकाळी आप्पांनी माळा काढल्या, काच पुसली आणि तपासणीवही उघडली. कलम अकरा: छिद्रे मोकळी असल्याची खात्री केली. अठराही कलमांपुढे त्यांनी एका दमात बरोबरच्या खुणा केल्या होत्या. शेपटीपर्यंत ते गेलेच नव्हते.

त्यांनी राधाकिशनला बोलावले. छायाचित्रे झाली. एका छिद्रावरचा थर सुईने खरवडून कागदावर घेतला.

राधाकिशनने तो पाहिला आणि दार लोटून घेतले. "आप्पा, माज्याकडं बगा. कुंभारीण माशी मातीचं घर करती का न्हाई असल्या भोकात? मंग? माशी लिवा. पोर सुटली, तुमी सुटले, समदे सुटले."

"आणि पुढच्या दसऱ्याला?"

"कावून? पुडच्या दसऱ्याला काय?"

"माशी लिहिली तर पुढच्या दसऱ्याला दुसऱ्या ग्लायडरला परत हळद लागेल."

मागे काहीतरी खसखसले. उमाबाई पिशवी घेऊन गेल्या नव्हत्या; त्या ताडपत्रीपाशी उभ्या होत्या. त्यांची नजर कागदावर होती.

"ही तर हळद हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी कागद उचलून नाकाशी नेला. दुकानात हजार वेळा केली असेल अशी ती हालचाल. "माज्या दुकानची हाय."

आणि त्या जागच्या जागी खाली बसल्या. रडल्या नाहीत. उजव्या हाताचे बोट डाव्या मुठीत धरून बसल्या.

आप्पा गुडघे धरत त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "उमाबाई, तुम्ही विचारून लावली होती. ती जागा कशाची, हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सोमवारी बघायचं कामही माझंच होतं. हळद तुमची असली तरी छिद्रं माझी होती."

"बोट माजं व्हतं. त्ये बी लिवा."

"विचारणाऱ्याचं नाव अहवालात येत नसतं. हो म्हणणाऱ्याचं येतं."

"आन् तिला काय सांगू? आईनं..."

"पडद्यावर पंच्याऐंशीच होता, एवढं आज सांगा. कान तिचे बरोबर होते, पडदा चुकला, हेही सांगा. बाकीचं उद्या मी लातूरला येऊन सांगतो. माझ्या तोंडून ऐकू दे तिला."

"ती तुमचं तोंड बगंल का, आप्पा?"

"न बघितलं तर दारातून सांगेन."

उमाबाई उठल्या. जाताना शेपटीवरून हात फिरवायला गेल्या आणि विस्तवाला लागावा तसा हात मागे घेतला.

चार वाजता आप्पांनी अहवाल स्वच्छ अक्षरात लिहिला. पडद्यावरील वेगाबद्दल चालकाचे म्हणणे खरे. उपकरण निर्दोष. छिद्रांत वाळलेली हळद. ती लावण्यास अनुमती खाली सही करणाऱ्याची. उड्डाणात दोष कळवल्यावर चुकीचा सल्ला खाली सही करणाऱ्याचा. तपासणीवहीतील कलम अकराची नोंद खोटी. राधाकिशनने वाचून शिक्का पुढे सरकवला. आप्पांनी सही केली, तारीख घातली आणि शेवटची ओळ लिहिली.

छिद्रे चार. तुंबलेली आढळली चार. उड्डाणापूर्वी तपासली शून्य.