सूतभर डावीकडं

"त्या दिवशी भोक पाडू दिलं असतं तुम्ही, तर आज ही वेळ आली नसती."

बायको खाटेवरून बोलली. चार दिवसांत तिनं हे इतक्यांदा म्हटलं होतं, की आता त्यात रागही उरला नव्हता. मिस्त्री गुडघे टेकून खाटेखालचं खोकं बाहेर ओढत होता. खोक्यावर पाच महिन्यांची धूळ साचली होती आणि एका कोपऱ्यात कोळ्यानं संसार थाटला होता.

"भोकाशिवायही बसते छत्री. बघ तू."

"बघायलाच तर आसुसलेय मी."

टीव्ही आणि त्याची डिशची छत्री पोरानं पाठवली होती. दूर डोंगरात बोगदा खणायचं काम चाललं होतं आणि तो तिथं दगड फोडायचं यंत्र चालवायचा. मळ्यातल्या एकट्या घरात आईला करमत नाही, म्हणून पहिल्या पगारात त्यानं हे घेतलं. छत्री बसवायला छत्रीवाला पोरगेलासा माणूस फटफटीवरून आलाही होता. पण त्यानं पिशवीतून ड्रिल काढलं, तसा मिस्त्री जिन्यात आडवा उभा राहिला. हा स्लॅब त्यानं स्वतःच्या हातानं ओतला होता. अकरा पावसाळे झाले, थेंब गळला नव्हता. "माझ्या स्लॅबला भोक? चार नट पिळायला माणूस कशाला लागतो? मी बसवीन माझा मी," असं म्हणून त्यानं छत्रीवाल्याला पायरीवरूनच परत लावलं. आणि मग आज करू, उद्या करू म्हणत खोकं खाटेखाली गेलं ते गेलंच. टीव्ही टेबलावर टॉवेल पांघरून बसून राहिला.

चार दिवसांपूर्वी बोगद्याचं तोंड ढासळलं. अकरा माणसं आत अडकली. पोरगा त्यातला एक.

ठेकेदाराचा माणूस रोज फोन करायचा. "सुखरूप आहेत, काळजी करू नका." पहिल्या दिवशीही तो हेच म्हणाला होता, आणि तेव्हा आत किती माणसं आहेत हेसुद्धा त्याला धड सांगता येत नव्हतं. त्यामुळं बायकोचा त्या शब्दावरचा विश्वास उडाला होता. तिनं अन्न सोडलं होतं, गोळ्या उशाखाली सरकवत होती. आज सकाळी फोन आला, की माणूस सरपटेल एवढा आडवा पाइप आतपर्यंत पोचलाय, दुपारी तीनपासून एकेकाला बाहेर काढणार, टीव्हीवर सगळं दाखवणार आहेत.

"मी गावात जातो, कुणाच्या तरी घरी बघतो आणि लगेच येऊन सांगतो," मिस्त्री म्हणाला होता.

"तुम्ही काय सांगाल? सुखरूप आहे म्हणून सांगाल. वाईट झालं तरी तेच सांगाल. ओळखत नाही का मी तुम्हाला? मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

तिला उचलून नेता येत नव्हतं. महिन्यापूर्वी ती गोठ्यात घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. जागचं हलायचं नाही, अशी डॉक्टरची ताकीद होती.

छत्रीवाल्याला मिस्त्रीनं सकाळीच फोन लावला. जुना बटणांचा फोन, त्याला रेंज मिळायची ती फक्त गच्चीच्या कोपऱ्यात. छत्रीवाला चार डोंगरांपलीकडच्या गावात कामाला होता. "काका, परवा संध्याकाळच्या आधी नाही जमणार. आणि तुम्ही हात लावू नका बरं का. ते दिसतं तेवढं सोपं नाही."

"चाळीस वर्षं भिंती उभ्या करतोय मी," मिस्त्री म्हणाला आणि फोन ठेवला.

ऊन तापलं होतं. नांगरलेल्या रानावरून वारा सुटला होता आणि धुळीचे लोट गच्चीवर येऊन आदळत होते. मिस्त्रीनं भोक पाडलंच नाही. त्यानं गच्चीच्या त्याच कोपऱ्यात विटांचा चौथरा बांधला, त्यात लोखंडी खांब उभा केला, चारी बाजूंनी ओळंबा लावला. खांब केसभरही कलला नव्हता. टाकीची गळती बंद करायला आणलेली झटपट आवळणारी पावडर उरली होती, ती त्यानं सिमेंटात कालवली. वायर खिडकीतून आत सोडली. मग छत्री खांबावर चढवली आणि आभाळाकडं तोंड करून नट आवळले. पण वाऱ्यानं छत्री थरथरायला लागली. थरथरणारं काम मिस्त्रीला आयुष्यात कधी खपलं नव्हतं. छत्री जिथं वळते त्या सांध्यात त्यानं तोच माल ठासून भरला आणि थापीनं गुळगुळीत केला. छत्री अशी घट्ट बसली, की तिला बैल बांधावा.

तो खाली आला. टीव्ही लावला. काळ्या पडद्यावर एक पट्टी आली आणि खाली अक्षरं.

"सिग्नल नाही म्हणतंय," बायकोनं वाचलं.

घड्याळात अडीच वाजले होते. तो जिना चढून पुन्हा कोपऱ्यात गेला आणि फोन लावला.

"खांब सरळ आहे का काका?" छत्रीवाल्यानं विचारलं.

"ओळंब्यात आहे."

"वा! मग अर्धं काम झालं. आता छत्री हळूहळू फिरवा. मी सांगतो तशी."

"फिरत नाही."

"नट ढिले करा."

"नट दिसत नाहीत. सिमेंटात गेले."

"काका, सिमेंट कशाला भरलंत हो? छत्री फिरवून फिरवून दिशा शोधायची असते. आधी चित्र, मग आवळायचं. तुम्ही तर आधीच गाडून टाकलीत तिला."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला नाही. हातात हातोडा होता. घर बांधताना आधी पाया पक्का करायचा, मग बाकी सगळं, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. आणि इथं पक्कं करणं हाच घात झाला होता. तो छिन्नी घेऊन सांध्यावर तुटून पडला. माल त्याच्याच हातचा. सहजी सुटेल कसा? तिसऱ्या घावाला छिन्नी सटकली, अंगठा सोलला. दहाव्या घावाला सांधा मोकळा झाला, पण घावांच्या हादऱ्यानं खालचा चौथराही फुटला आणि खांब त्याच्या अंगावर कलंडला. त्यानं तो छातीवर झेलला.

"अहो, तीन वाजले! सुरू झालं असेल!" खालून खिडकीतून आवाज आला.

"छत्रीवाल्या," मिस्त्री फोनमध्ये म्हणाला, "चौथरा गेला रे. आता काय करू? माझा पोरगा त्या बोगद्यात आहे."

छत्रीवाल्याला हे माहीत नव्हतं. त्याचा सूर बदलला. "काका, घाबरू नका. खांब खांद्यावर घ्या. छत्री हातानं धरा. काकूंना पट्टीवरचा आकडा मोठ्यानं वाचायला सांगा. आता तुम्हीच चौथरा."

मिस्त्रीनं खांब खांद्याला टेकवला, पाय फाकवून उभा राहिला, फोन कानाशी मुंडाशात खोचला.

"सावली पडलीय तुमची, ती डाव्या हाताला घ्या. आता दहा अंश डावीकडं वळा."

"अंशबिंश मला कळत नाही. सूत सांग."

"बरं. बोटभर डावीकडं."

"काय आलं गं?" मिस्त्री ओरडला.

"काही नाही!"

"आणखी बोटभर," छत्रीवाला म्हणाला.

"आता?"

"बारा! बारा आलं! गेलं, गेलं. कशाला हललात?"

"वारा आहे इथं!"

"मग वाऱ्याला सांगा ना दम धरायला!"

"तोंड थोडं वर करा छत्रीचं," फोन बोलला. "आता डावीकडं. सूतभर. सूतभरच."

मिस्त्रीनं श्वास रोखला. विटेवर वीट बसवताना जेवढं सरकवायचं, तेवढंच सरकवलं.

"सत्तर!" खालून किंकाळीच आली. "आलं! माणसं दिसतायत! धरा, तस्सं धरून ठेवा!"

"मी आता काही बोलत नाही काका," छत्रीवाला म्हणाला. "धरून राहा."

मिस्त्री तसाच उभा राहिला. घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात नव्हता. सोललेल्या अंगठ्यातून रक्त मनगटावर येऊन वाळलं होतं. समोर नुसतं नांगरलेलं रान आणि धूळ. त्याला दिसत काहीच नव्हतं. जे काही होतं ते सगळं खिडकीतून येत होतं.

"पाइप दिसतोय. तोंडाशी डॉक्टर उभे आहेत... एक निघाला! झोपवून आणलाय, काळा चष्मा लावलाय... आपला नाही. म्हातारा आहे."

"जिवंत आहे ना?"

"हात हलवतोय."

बऱ्याच वेळानं दुसरा. तोही आपला नव्हता. तिसऱ्याच्या वेळी वाऱ्याचा झोत आला, चित्र फुटलं आणि ती रडकुंडीला आली. "अहो, तोच असेल हो! तोच असेल!" मिस्त्रीनं कमरेतून वाकून छत्री पुन्हा सूतभर आणली. तो तिसराही नव्हता. चौथा नव्हता. पाचव्याला उलटी झाली, हेसुद्धा तिनं सांगितलं. मिस्त्रीच्या खांद्यात खांब रुतत होता. ऊन कलून भिंतीपलीकडं गेलं.

मग खालचा आवाज बंद झाला.

"काय गं?"

उत्तर नाही.

"अगं, चित्र गेलं का? बोल की!"

काहीच नाही. खाली धावत जावं, तर छत्री हलणार. छत्री हलली, तर ती जे बघतेय ते जाणार. ती काय बघतेय? पोराला मेलेला बघतेय की जिता? त्याला उभ्या जागी हुंदका आला आणि त्यानं तो दातात धरला, कारण हुंदक्यानंही खांदा हलतो.

"हलू नका," अखेर ती म्हणाली. अगदी हळू, पण त्याला ऐकू आलं. "उभा आहे तो. झोपला नाही स्ट्रेचरवर, स्वतः उभा राहिलाय. हलू नका हो."

"दिसतो कसा?"

"दाढी वाढलीय. अंगावर कुणाची तरी गोधडी आहे. गुडघे चोळतोय. पातळ झालाय... हसला! कुणाशी तरी बोलून हसला!"

मिस्त्रीला हसावं की रडावं कळेना. मुंडाशातून छत्रीवाल्याचा बारीक आवाज आला, "निघाला का हो काका?" "निघाला रे," मिस्त्री मान न हलवता म्हणाला.

"गाडीत बसवलं," बायको म्हणाली. "गेली गाडी."

"मग येऊ खाली?" त्यानं विचारलं. दोन्ही हात लाकडासारखे झाले होते.

खाली भांड्याचा आवाज आला. खाटेशेजारचा पाण्याचा तांब्या तिनं उचलला होता. उशाखालची गोळी ती घेत असावी.

"अजून पाच जण आत आहेत," ती म्हणाली.

मिस्त्रीनं खांब अलगद दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"आकडा सांग," तो म्हणाला.

"साठ. सूतभर डावीकडं."