मामीच्या घराचा दोरा

ही गोष्ट कुणालाही पटत नाही. इतकी वर्षं सांगतोय, आजवर एकालाही पटलेली नाही. ज्याला पटेल त्यानं घर विकत घ्यायच्या भानगडीत पडूच नये, कारण त्याला कुणीही काहीही विकून जाईल.

सेलोमलाही मी हे आधीच बजावलं. सेलोम म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यातली नर्स. पोरगी मोठ्या नदीच्या पलीकडची, एव्हे लोकांतली. आम्हा फांती लोकांच्या किनाऱ्यावर बदलीवर आली आणि रमली. खाडीच्या अंगाला दोन खोल्यांचं एक घर विकायला निघालं होतं, ते घ्यावं की नाही हे विचारायला ती लॉरीअड्ड्यावर माझ्याकडे आली. इथं घर घ्यायचं म्हटलं की लोक अजून माझ्याकडे येतात. उभा जन्म मी घरांचे सौदे जमवण्यात घालवला. त्यातले बरेचसे मोडलेही मीच, पण ते कुणी सांगत नाही.

माझी बैठक रानबदामाच्या झाडाखाली. शेजारी माझी मामेबहीण एकुआ मासे तळायला बसते. माझ्या गोष्टी ती फुकट ऐकते आणि मासे मात्र मला विकत देते.

"घर पाहिलंस का?" मी सेलोमला विचारलं.

"पाहिलं, आजोबा. छान आहे. भिंतींना नुकताच रंग दिलाय."

"म्हणजे तू रंग पाहिलास, भिंत नाही पाहिलीस. खाडी फुगली की परत जा. जमिनीपासून वीतभर वर भिंतीला तळहात लाव आणि जरा वेळ तसाच ठेव. थंडगार लागला तर तिथूनच माघारी फीर. आणि पाण्याचं मालकाला विचारू नकोस. मालक म्हणेल, पाणी येत नाही. शेजारणीला विचार, ती सांगेल कुठवर येतं."

"आणि मागच्या खोलीत कोण झोपतं ते बघ," कढईतून मान वर न करता एकुआ म्हणाली.

"मागच्या खोलीत? ते म्हणाले घर रिकामं आहे."

"सगळे तसंच म्हणतात," एकुआ म्हणाली.

सेलोमनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला अराबामामीच्या घराची गोष्ट सांगावी लागली. मी हौसेनं सांगितली नाही. म्हणजे, फार हौसेनं नाही.

कोबिना माझा धाकटा मामा. मासेमारीच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा. चर्चच्या मागे जो चढ आहे त्यावर त्यानं घर बांधलं. बांधलं असं म्हणायचं, पण मामा महिन्यातले तीन आठवडे पाण्यावर. बांधलं ते मामीनं. किनाऱ्यावरून वाळू तिनं डोक्यावर वाहिली, पाणी तिनं वाहिलं, गवंड्याशी भांडली ती. छताचे पत्रे आले तेसुद्धा तिनं धुरावर सुकवलेल्या माशांच्या जिवावर.

"निम्मे," एकुआ म्हणाली. "निम्मे बाबांनी आणले."

"बरं, निम्मे. ही कोबिनामामाची मुलगी," मी सेलोमला म्हटलं. "त्या घरातच वाढली. मी कुठं चुकलो तर ही आहेच."

मग मामा वारला. समुद्रानं इतकी वर्षं त्याला सोडलं आणि घरी खाटेवर तापानं नेला. मृत्युपत्र वगैरे काही केलेलं नव्हतं. आता तुमच्यात, एव्हे लोकांत, बापाचं घर पोरांना जातं. आमच्यात पोरं आईच्या घराण्याची. बापाचं घर बापाच्या भावंडांचं आणि बहिणींच्या पोरांचं. आता बायकोपोरांसाठी कायदा झालाय, तेव्हा नव्हता. मामीनं वाळू वाहिली असेल, पण वाळू वाहणं म्हणजे घराण्यात जन्म घेणं नव्हे.

घराण्याचा कारभार थोरल्या मामाकडे, क्वामिनामामाकडे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. त्याच्या डोक्यावर घराण्यातल्या तीन मयतांचा खर्च होता, आणि कुमासी शहरातला ओवुसू नावाचा कोकोचा व्यापारी समुद्राकाठी घर शोधत होता. घरातल्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या, बोलणी झाली, दिवस ठरला.

मामी एकदाच त्याच्याकडे गेली. मी तिथंच बसलो होतो.

"भावजी," ती म्हणाली, "घर विका. मी आडवी येत नाही. मागची धुराची खोली तेवढी मला ठेवा. माझी भट्टी आहे तिथं."

"त्यांना घर रिकामं हवंय, अराबा."

"मी कितीशी जागा अडवणार?"

थोरल्या मामानं आपल्या चपलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "रिकामं हवंय त्यांना," तो म्हणाला.

"आणि रिकामं केल्यावर त्या जाणार कुठे होत्या?" सेलोमनं विचारलं.

"भावाकडे. माहेरी."

"आईचा भाऊ त्याआधीच वारला होता," एकुआ म्हणाली. "मावशीकडे. मावशीच्या पडवीत."

"पडवीत," मी म्हटलं. "लक्षात ठेव पोरी, घर घेताना असं विचारायचं असतं. इथली माणसं कुठे जाणार? मालक चटकन उत्तर देतो की थांबतो, ते बघायचं."

सौद्याच्या दिवशी मामीनं रोजच्यासारखं अंगण झाडलं. माणसं येऊन बसली तरी झाडतच होती. लोक पाय वर घेत होते आणि ती त्यांच्या बाकाखालून केर काढत होती. कुणी तिला थांब म्हणालं नाही. मग आत गेली आणि येणाऱ्यांसाठी स्वयंपाक केला. शेंगदाण्याचं सार केलं होतं, असं सार मी पुन्हा…

"पामफळांचं."

"पामफळांचं सार. तुला इतकं आठवतंय?"

"फळं मी कुटली होती ना," एकुआ म्हणाली. तिनं मासा उलटला.

ओवुसू आला तो आपली माणसं घेऊन. गडद निळं वस्त्र एका खांद्यावरून टाकलेलं, हातात जिनची बाटली. पूर्वजांच्या नावानं दोन घोट जमिनीवर सांडले, उरलेली जिन पेल्यांतून फिरली. शेजारीपाजारी साक्षीला बसले. मग दोरा आणला.

सेलोमला दोरा ठाऊक नव्हता. तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. आमच्याकडे कागद मागाहून. आधी राफिया ताडाच्या पानाचा दोरा, त्यात ओवलेल्या सहा कवड्या. एक टोक विकणाऱ्याच्या माणसाच्या हातात, दुसरं घेणाऱ्याच्या. ओढायचं. मधोमध तुटला, तीन कवड्या इकडे आणि तीन तिकडे झाल्या, की घर गेलं. त्यानंतर कुणी रडो, कुणी कोर्टात जावो.

टोक धरायला तरणा माणूस देतात. पुढं वाद निघाला तर साक्ष द्यायला तो जिवंत हवा. आमच्या बाजूनं टोक माझ्या हातात दिलं. मी भाचा, अंगापिंडानं धड, हा पुष्कळ जगेल असा हिशेब. तेवढा हिशेब बघा बरोबर निघाला.

समोर ओवुसूचा माणूस बसला. पोती उचलणारा हमाल, मान अशी की होडी बांधावी. त्यानं आपलं टोक बोटाला गुंडाळलं आणि माझ्याकडे पाहून हसला. थोरला मामा म्हणाला, "ओढा."

आम्ही ओढला.

दोरा तुटला नाही.

"राफिया ओली असेल," कुणीतरी म्हणालं. पुन्हा ओढला. हमालाचं बोट पांढरं पडलं. नाही तुटला. त्यानं दोन्ही हात घातले, पायरीला टाच लावली, मी मागं खांबाला टाच लावली. कवड्या एकमेकींवर वाजत होत्या, नुसत्या वाजत होत्या. लोक आधी हसले. मग त्याच्या मागं दोघं लागले, माझ्या मागं दोघं लागले, जाळं ओढतात तशी आमची रांग झाली. कुणीतरी सवयीनं जाळ्याचं गाणंसुद्धा सुरू केलं आणि आपलं आपणच गिळलं.

सेलोम हसली. "आजोबा, तेवढीशी ती दोरी!"

"तेवढीशी. माझ्या करंगळीहून बारीक. आम्ही सहा जण तिला लोंबकळत होतो आणि ती गिटारीच्या तारेसारखी घुमत होती. लॉरीचा ड्रायव्हर म्हणाला, लॉरीला बांधू. थोरल्या मामानं सुरी मागवली. सुरी फिरवली तर सुरीची धार गेली. ती सुरी माझ्याकडे आहे, घरी, दाखवीन कधीतरी."

"दाखवाच," सेलोम म्हणाली, पण आता ती हसत नव्हती. एकुआच्या कढईत तेल तडतडत होतं.

तेव्हा ओवुसूनं हात वर केला. सगळे थांबले. मामी दाराशी उभी होती. तिनं ना शिव्या दिल्या होत्या, ना शाप. डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. नुसती उभी होती आणि एक हात तिनं चौकटीवर ठेवला होता, जत्रेत आपल्या गुरावर ठेवतात तसा.

ओवुसू उठून तिच्यासमोर गेला. "बाई," तो म्हणाला, "या घरात तुमचं काय आहे?"

"माझं?" मामीनं विचार केला. तिला कुणी कधी हे विचारलंच नव्हतं. "माझं काही नाही. वाळू वाहिली मी."

"किती?"

"सगळी."

ओवुसूनं भिंतीकडे पाहिलं. मग जमिनीकडे, मग भिंतीच्या वरच्या टोकाकडे. इतकी वाळू एका डोक्यावरून कशी जाते याचा व्यापारी मनाशी अंदाज घेत असावा. मग तो थोरल्या मामाकडे वळला आणि म्हणाला, "दादा, तुमच्यातल्या सगळ्यांनी माझ्या बाटलीतला पेला घेतला. हिला कुणी पेला दिला नाही. हे घर मला नको." त्यानं वस्त्र सावरलं, माणसांना खूण केली आणि न जेवताच निघून गेला. पामफळांचं सार मग आम्हीच खाल्लं. थोरला मामाही खाली मान घालून दोनदा जेवला. त्यानंतर पुन्हा त्या घराचं गिऱ्हाईक म्हणून कुणी आलं नाही, कारण अशा दोऱ्याच्या घराला कोण हात लावतो? मामी त्या घरात राहिली. मागच्या खोलीत नाही, पुढच्या. संध्याकाळी मी चढ चढून जायचो तर ती पायरीवर बसलेली असायची, धुराचा वास लागलेला असायचा, आणि म्हणायची, "आलास एबो? बस, खाऊन जा." शेवटपर्यंत तिथंच राहिली. तिथंच गेली, आपल्या छपराखाली.

मग मी सेलोमला म्हटलं, "तेव्हा पोरी, त्या खाडीकाठच्या घरी पेले भरतील तेव्हा मोज. अंगणात माणसं किती आणि पेले किती. एक पेला कमी दिसला तर ज्याला मिळाला नाही त्याच्याजवळ जाऊन बस. त्याला विचार. त्याच्याशी बोलणं झाल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस, दोऱ्यालाही नाही आणि कागदालाही नाही."

"मी मागच्या खोलीत डोकावलं होतं," सेलोम हळूच म्हणाली. "चटई होती. गुंडाळून भिंतीला लावलेली. मला वाटलं, जुनी कुणाची राहून गेली असेल."

"मग उद्याच जा," मी म्हटलं. "जाऊन विचार, चटई कुणाची. बघितलंस, अराबामामीच्या दोऱ्यानं तुझंही काम केलं."

एकुआनं शेवटचा मासा काढून कागदावर ठेवला. कढईखालचे निखारे चिमट्यानं बाजूला ओढले. हात कमरेच्या कापडाला पुसून ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"पोरीला जे सांगितलंस ते चांगलं सांगितलंस, एबोदादा," ती म्हणाली. "पण दोरा पहिल्याच ओढीला तुटला. तीन कवड्या तुझ्या मुठीत राहिल्या, मी पाहिल्या. आई दाराशी होती. इतका हलका तुटला की तिला ऐकूच आलं नाही. तिनं मला विचारलं, 'तुटला का गं?'"