ब्रह्मदेशी दिवे

"हे तुमाले कोनालेच पटनार नाही," असं बळीराम मेश्रामनं म्हटलं, की विहाराच्या ओट्यावर बसलेली माणसं सरसावून बसत आणि बिड्या विझवत. जे पटणार नाही असं तो म्हणे, तेवढंच ऐकण्यालायक असतं, हा वस्तीचा अनुभव होता.

सयामात नव्या वर्षाच्या दिवशी लोक एकमेकांवर बादल्यांनी पाणी ओततात, आणि ठाणेदार दिसला तर आधी त्याच्यावर. लंकेत वैशाखी पौर्णिमेला रस्त्यारस्त्यानं एवढे कंदील लागतात, की चंद्र बिचारा लाजून तासभर उशिरा उगवतो. आणि जपानात बाळ बुद्धाच्या मूर्तीला चक्क चहानं आंघोळ घालतात.

"साखरेच्या?" कोणीतरी विचारी.

"साखरेच्याच. मुंग्या लागत असतीन, तं तो त्यायचा प्रश्न हाय."

चहावर सगळा ओटा हसे. मजा पाहा, बळीरामनं सांगितलेल्या गोष्टींत चहाची तेवढी जशीच्या तशी खरी होती. जपान पाहून आलेल्या एका खलाशाकडून त्यानं ती ऐकली होती. तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. संत्र्याच्या दिव्यांची गोष्ट मात्र मुळापासून शेंड्यापर्यंत खोटी, आणि ती अख्ख्या वस्तीनं डोक्यावर घेतली होती.

कामठी रोडच्या त्या वस्तीत फाल्गुन लागला, की कोणी संत्र्याची साल फेकत नसे. संत्रं मधोमध चिरायचं, फोडी अलगद काढून घ्यायच्या आणि सालीची अर्धी वाटी फुटू न देता पालथ्या पेल्यावर चढवून उन्हात ठेवायची. वैशाखापर्यंत ती वाळून खडखडीत होई. मग आतून पांढऱ्या मातीचा हात फिरवायचा, म्हणजे तेल पाझरत नाही. पौर्णिमेला तिन्हीसांजेच्या वेळी त्यात वात लावून विहाराच्या पायऱ्यांवर रांगा मांडायच्या. साल तापली, की सगळ्या वस्तीत गोड, किंचित कडवट वास पसरे. ब्रह्मदेशातले बौद्ध लोक अशीच पौर्णिमा करतात, हे लहान पोरंही सांगत. पुरावा काय? बळीरामकाका स्वतः पाहून आले.

बळीरामनं ब्रह्मदेश पाहिला नव्हता. त्यानं खडगपूर पाहिलं होतं.

लढाईच्या दिवसांत, त्रेचाळीस साली, तो आणि केशव फौजेच्या मजूर-पलटणीत भरती झाले. रस्ते बांधायला ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जायचं होतं. बळीराम सावनेरकडचा, वस्तीत येऊन सहाच महिने झाले होते. केशव इथलाच, पार्वतीबाईचा एकुलता एक. गाडी निघताना तिनं बळीरामचा हात धरून म्हटलं होतं, "तू मोठा हायेस. याले एकला सोडू नको."

खडगपूरला गाडी थांबली. बळीराम लोटा घेऊन नळावर उतरला. शिट्टी झाली, गाडी हलली. धावला असता तर डबा सापडला असता. केशव दारातून हात बाहेर काढून ओरडत होता, हसतही होता, त्याला वाटलं बळीराम गंमत करतो आहे. बळीरामचे पाय उचलले गेले नाहीत. लोटा भरून वाहत राहिला.

पुढली अडीच वर्षं त्यानं तिथल्या एका खानावळीत भांडी घासली. सरहद्दीवरून परतणारे शिपाई, आचारी, खलाशी तिथं जेवायला येत आणि त्यांच्या ताटांबरोबर त्यांच्या गोष्टीही त्याच्या हाती लागत. लढाई संपल्यावर तो नागपूरला आला. केशव तापानं गेल्याचा सरकारी कागद त्याच्या आधीच येऊन पडला होता. पार्वतीबाईनं त्याला दारातच बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कसा गेला?"

मी तिथं नव्हतो, हे तीन शब्द सांगायचे होते. त्यानं दुसरंच सांगितलं. एका नदीकाठी आमचा तळ होता, म्हणाला. त्या दिवशी पौर्णिमा होती. गावातल्या बाया संत्र्याच्या सालीत दिवे लावून नदीत सोडत होत्या. एका म्हातारीनं केशवच्याही हाती एक दिवा दिला. त्यानं तुझं नाव घेऊन तो पाण्यात सोडला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजला आणि सकाळी उठला नाही. संत्रं कुठून सुचलं? समोर पार्वतीबाईच्या शेजारणीची संत्र्याची पाटी होती. त्याहून दूर त्याची नजर गेली नाही.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण छप्पन साली दीक्षा झाली. जुने सण वस्तीनं मागं ठेवले आणि भिंतीवरचं कॅलेंडर एकाएकी मोकळं दिसू लागलं. पुढल्या वर्षी वैशाखी पौर्णिमा आली. ती करायची हे ठरलं, कशी करायची हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं. तेव्हा पार्वतीबाई सभेत उभी राहिली. म्हणाली, "माह्या केशवनं केली होती. आपल्या सगळ्यायच्या तेरा वर्स आधी. पुसा बळीरामले."

बायांचे डोळे भरून आले. बळीरामला पुसलं गेलं. नाही म्हणायची तीच एक वेळ होती, तीही गेली. तेव्हापासून पायऱ्यांवर दिवे आणि पुढं पाण्यानं भरलेली मोठी परात. वस्तीत नदी नव्हती, नाला होता, पण दिवा सोडावा असा तो नव्हता. परातीतला पहिला दिवा पार्वतीबाईचा. तो केशवचा.

अशी अकरा वर्षं गेली.

अडुसष्ट साली चैत्राच्या शेवटी विहाराचे सेक्रेटरी वामनराव सायकल हातात धरूनच बळीरामच्या अंगणात आले. कचेरीतले कारकून, पण आज चेहरा कलेक्टरचा.

"काका, तोंड गोड करा. सारनाथवरून एक भंतेजी येऊन राहिले पौर्निमेले. मूळचे ब्रह्मदेशातले. हिंदी बोलतात. मी पत्रात लिहून टाकलं, आमच्या अठी तुमच्याच रीतीनं पौर्निमा होते म्हून."

"लिहून टाकलं?"

"मंग? अख्ख्या नागपुरात असं कोनाकडं हाय?"

बळीरामनं दाराची चौकट धरली. म्हणाला, "वैशाखाचं ऊन हाय. थंड मुलखाचा मानूस. भंतेजीले दिवाळीच्या अंगानं बोलावलं तं?"

"पौर्निमा वैशाखात येते काका. मी नाही ठेवली तिले."

त्या दिवसापासून बळीरामची भूक गेली. त्याची बायको प्रयागबाई चार दिवस पाहत राहिली आणि पाचव्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "भंतेजी येऊन राहिले बनारसहून, आन् पोट तुमचं काहून दुखून राहिलं?"

"उनानं."

"उनानं नाही. तुमी गोष्टीले तिखटमीठ लावता ते मले का मालूम नाही? लावा. पन एक ध्यानात ठेवा, त्यायच्या समोर तो जपानचा चहा काढू नका. तेवढं खोटं पचत नाही कोनाले."

बळीराम हसला नाही. आपली फजिती झाली तर होवो, असं त्याला आता मनापासून वाटत होतं. साठी उलटलेल्या थापाड्याची अब्रू ती किती असणार? लोक आठ दिवस हसतील, नवव्या दिवशी नवी गोष्ट मागतील. पण पार्वतीबाई हसणार नव्हती. भंतेजींच्या तोंडून जे चारचौघांत निघणार, ते आपणच आधी तिला एकांतात सांगावं, एवढंच हाती उरलं होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी तो तिच्याकडे गेला. ती कडुलिंबाखाली पोत्यावर बसून सालींना माती लावत होती. सत्तरीची झाली होती, नजर मंदावली होती, पण बोटं चुकत नव्हती. सालीचं सगळं काम ती अंगणातच करी आणि हात राखेनं घासून धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसे. ही तिची जुनी खोड. तिला कारण कोणी विचारलं नव्हतं.

"बस गा. ऊन हाय."

"माय, एक सांगाचं होतं. त्या गाडीचं. आमी निंगालो ना, खडगपूरले..."

"मलेही एक सांगाचं हाय," ती म्हणाली. "मी भंतेजीले एकच पुसनार हावो. त्या नदीचं नाव. तुले आठवत नाही म्हनतोस, त्यायले मालूम असन."

"नाव कायले पाह्यजे आता?"

"शेवटच्या रातीले कोनतं पानी त्याच्या कानात वाजत होतं, ते मले मालूम पाह्यजे." तिनं एक वाटी उन्हाकडे धरून चीर पाहिली, बाजूला ठेवली. "बाकी मले काही नाही पाह्यजे. तू होतास त्याच्यापाशी. तुह्या मांडीवर गेला. परक्या मुलखात एकला मेला असता, तं मी इतके वर्स कशी जगली असती गा?"

बळीरामनं पिण्यासाठी पाणी मागितलं. प्यायला आणि घरी आला.

पौर्णिमेला दिवसभर लू चालली. संध्याकाळी वारा पडला आणि विहारासमोर पाणी शिंपून सतरंज्या टाकल्या. भंतेजी ठेंगणे, वयस्क, हसऱ्या तोंडाचे होते. बुद्धवंदना झाली, पंचशील झालं. पायऱ्यांवर तीनशे दिवे लागले आणि तो वास उठला. भंतेजींनी वाकून एक दिवा उचलला आणि नाकाजवळ नेला.

"यह क्या है?"

"आपही का है, भंतेजी," वामनराव म्हणाले. "बर्मा का रिवाज."

भंतेजी जरा थबकले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हमारे यहाँ आज के दिन बोधिवृक्ष की जड़ में पानी डालते हैं. दिये भी जलाते हैं, मगर बारिश के बाद वाली पूनम को. संतरे के छिलके में तो हमने कहीं नहीं देखे. बहुत सुंदर हैं."

सुंदर हा शब्द कोणाच्या कानावर पडला नाही. तीनशे माणसांच्या माना वळल्या आणि बळीरामवर येऊन थांबल्या. परातीपाशी पार्वतीबाई पेटलेला दिवा ओंजळीत घेऊन बसली होती. तिनं मान वळवली नाही. ती नुसती थांबली.

गप्प राहिला असता तर? वामनरावांनी काही सारवासारव केली असती, भंतेजींनी काही गोड म्हटलं असतं. पण ते म्हातारीचं थांबणं बळीरामला पाहवलं नाही. तो उठला.

"हे तुमाले कोनालेच पटनार नाही," तो म्हणाला, आणि ओट्यावरची चार माणसं सवयीनं सरसावली. "भंतेजी असतीन खालच्या मुलखातले, समुद्राकडचे. आमी होतो वर, डोंगरात. तिकडं सारे संत्र्याचे बगीचे. आपल्या बाजारगावच्या बगीच्यायपेक्षा दाट. त्या गावाची रीतच अलग. पौर्निमेच्या दिवशी जो पाहुना असन, त्यानं आपल्या हातानं संत्रं सोलाचं, असा तिथला मान."

भंतेजी कान देऊन ऐकत होते. बळीरामचा आवाज खुलला. खडगपूरच्या खानावळीत ऐकलेलं, न ऐकलेलं, सगळं धावून आलं.

"केशवले पाटीभर संत्री देल्ली त्यायनं. बसला पोरगा मांडी घालून. सोलून राहिला, सोलून राहिला, पन्नास तरी सोलली असतीन. फोडी आमी खाल्ल्या. हात पाह्यले तं पिवळेधम्मक. नाकाले लावून मले म्हने, बळीरामदादा, वास घे, आपलं नागपूर आलं. मी काडी वढली, त्यानं दिवा लावला. हे या डोळ्यायनं पाह्यलं हाय मी."

कोणीतरी नाक ओढलं. एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. भंतेजींनी दिवा होता तिथं ठेवला आणि हात जोडले. "बड़ा मुल्क है हमारा. पहाड़ों में होगा."

"मी म्हनलं नव्हतं?" वामनराव आजूबाजूला पाहून म्हणाले, आणि सगळ्या सतरंजीनं एकदम श्वास सोडला. प्रयागबाईनं खूण करून नवऱ्याला खाली बसायला सांगितलं. बळीरामच्या पाठीवरून घाम ओघळत होता. निभलं, असं त्याला वाटलं. नदीचं नावही आता सुचेल, असं वाटलं.

पार्वतीबाईनं दिवा परातीत सोडला नव्हता. ती हळूहळू उठली आणि दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडेल इतकी जवळ आली.

"केशवनं जन्मात संत्रं सोललं नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "सालीचं पानी लागलं का हाताले फोड येत त्याच्या, टपोऱ्या बोराएवढे. लहानपनापासून मी घरात साल येऊ देल्ली नाही. त्या म्हातारीनं वाळेल साल हातात देल्ली असन, असं मी मनाले समजावत आली बावीस वर्स. वाळेल सालीनं नसन होत काही, म्हनलं. आन् तू म्हनतोस पन्नास संत्री सोलली, नाकाले लावली."

बळीरामनं तोंड उघडलं.

"तू तठी नव्हतासच गा, बळीराम," पार्वतीबाई म्हणाली. "मंग माह्या पोरापाशी कोन होतं?"